गुडघा, पार्टनर आणि बोपण्णा

माझं टेनिस उतरणीला लागलंय हे मला डॉक्टरांच्या आधी समोरच्या टीमनं सांगितलं. बोलून नाही, लॉब मारून, म्हणजे बॉल डोक्यावरून उंच मागं टाकून. डबल्समध्ये कोण कच्चं आहे ते दोन-तीन गेममध्ये कळतं आणि मग बॉल तिथंच मारायचा हा सरळ हिशोब असतो, त्यात राग यायचं काही कारण नाही, आम्हीपण इतकी वर्षं तेच करत आलो. पण आमच्या जोडीत लॉब नेहमी पार्टनरच्या डोक्यावरून जायचे, कारण ती बुटकी आणि मी चांगली उंच, ओव्हरहेड, म्हणजे डोक्यावर आलेला बॉल वरच्या वर मारायचा, तो माझा हक्काचा शॉट, त्यामुळे माझ्या बाजूला लॉब मारायच्या भानगडीत कुणी पडायचंच नाही. आणि मग कधीतरी ते माझ्या बाजूला यायला लागले. ओव्हरहेडसाठी मागं जाताना उजव्या पायावर वळायचं असतं, आणि माझा उजवा गुडघा वळायच्या आधी अर्धा सेकंद विचार करायला लागला होता. मला तो अर्धा सेकंद जाणवत नव्हता, नेटच्या पलीकडून मात्र स्पष्ट दिसत असणार.

वय त्रेपन्न. कॉलेजात युनिव्हर्सिटीकडून खेळले, मग नोकरी, लग्न, लेक, मधली बरीच वर्षं रॅकेट माळ्यावर. चाळिशीच्या आसपास परत सुरू केलं ते व्हेटरन्समुळे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, व्हेटरन्स म्हणजे वयानं मोठ्या खेळाडूंच्या टुर्नामेंट, त्यात दर पाच वर्षांनी नवा गट लागतो, पंचेचाळीस-प्लस, पन्नास-प्लस असं, म्हणजे पन्नासावा वाढदिवस मनापासून साजरा करणारी आमची एकच जमात, कारण त्या दिवशी तुम्ही गटातल्या सगळ्यात तरुण होता. आम्ही दोघींनी या गटांत बऱ्यापैकी कप जमवले. चॅम्पियन वगैरे म्हणायला ओशाळायला होतं, पण ड्रॉमध्ये आमचं नाव बघून समोरच्या जोडीचा चेहरा पडायचा एवढं नक्की, आणि ते फार आवडायचं मला, खोटं कशाला बोलू.

पहिल्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, मॅडम आता टेनिस बंद, चाला, पोहा, सायकल चालवा. मला पोहता येतं पण पोहून मी कुणाला हरवणार? दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, ते खेळाडू बघतात असं कळलं होतं. त्यांनी परत एक्स-रे काढायला लावला, पण उभं राहून. झोपवून काढला तर सांध्यात गॅप दिसते, अंगाचं वजन पडल्यावर खरी किती उरलीय ते कळतं म्हणाले. आतल्या बाजूची गॅप बाहेरच्यापेक्षा चांगलीच कमी झालेली होती. एमआरआयमध्ये आतला मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांमधली कूर्चेची गादी, फाटलेला, पण पडून-बिडून नाही, झिजून. मी लगेच विचारलं की दुर्बिणीतून साफ करून घेऊ का, क्लबातल्या निम्म्या लोकांनी केलंय. ते म्हणाले या वयात झिजून फाटलेल्याला साफ करून फारसं काही हाती लागत नाही, पन्नाशीनंतर न दुखणाऱ्या गुडघ्यांच्या एमआरआयमध्येसुद्धा हे दिसतं, फोटोवर इलाज करायचा नसतो, गुडघ्यावर करायचा असतो. मग त्यांनी विचारलं सिंगल्स की डबल्स, क्ले म्हणजे मातीचं कोर्ट की हार्ड कोर्ट, सलग किती दिवस खेळता, आणि दुखतं ते खेळताना की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना. शेवटच्या प्रश्नाला मी गप्प. कारण जिना उतरताना मी कठड्याला धरून बाजूनं उतरायचे, आणि घरी कुणाला दिसू नये म्हणून आधी सगळ्यांना पुढं जाऊ द्यायचे.

मेनिस्कस म्हटल्यावर मला एकदम फेडरर आठवला. 2016 मध्ये मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपनची सेमीफायनल हरल्यावर दुसऱ्या दिवशी जुळ्या मुलींच्या आंघोळीसाठी पाणी काढताना त्याचा गुडघा गेला, मेनिस्कस, ऑपरेशन. सतरा-अठरा वर्षं जगभर कोर्टावर पळून काही झालं नाही आणि बाथटबपाशी झालं. त्याच वर्षी विम्बल्डननंतर सहा महिने सुट्टी घेतली आणि 2017 च्या जानेवारीत येऊन पाच सेटमध्ये नदालला हरवून ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला. माझ्यासारख्या लोकांच्या डोक्यात ही एकच गोष्ट फिट बसलेली असते की सहा महिने विश्रांती घेतली की सगळं परत मिळतं. पुढची गोष्ट आपण सोयीस्कर विसरतो. 2020 मध्ये उजव्या गुडघ्याची दोन ऑपरेशन्स, 2021 मध्ये परत आला, विम्बल्डन क्वार्टरफायनलला हुर्काचनं 6-3, 7-6, 6-0 हरवलं, मग तिसरं ऑपरेशन, आणि सप्टेंबर 2022 मध्ये लंडनला नदालबरोबर एक डबल्स खेळून संपवलं. तो 6-0 चा सेट आमच्या घरी नवऱ्याला बघवेना, तो उठून आत गेला. मला उलट वाटतं की बरं झालं तो सेट झाला. तिथपर्यंत येऊन न बघता घरी बसून ठरवलं असतं तर जन्मभर डोक्यात किडा राहिला असता की अजून एक विम्बल्डन होतं माझ्यात.

त्या दिवसांत मला एक नादच लागला, सगळ्या मोठ्या लोकांनी कसं ठरवलं ते बघत बसायचं. रात्री गुडघ्यावर बर्फ आणि हातात मोबाईल. लोक सँप्रसचं उदाहरण देतात, 2002 ची यूएस ओपन फायनल, अगासीला हरवलं आणि नंतर एकही मॅच खेळला नाही, जावं तर असं. पण तो ट्रॉफी उचलून थांबला नव्हता, त्यानंतर कितीतरी महिने खेळू की नको चाललेलं, एकेका टुर्नामेंटमधून माघार घेत राहिला आणि वर्षभरानं ऑगस्ट 2003 मध्ये न्यूयॉर्कला रीतसर निरोप घेतला. म्हणजे शिखरावरून उतरला वगैरे हे आपण मागून लावलेलं, त्याला स्वतःला ठरवायला वर्ष लागलं. आणि समोरचा अगासी बघा, पाठीत इंजेक्शनं घेत 2006 पर्यंत खेळला, शेवटच्या यूएस ओपनला बगदातिसबरोबर पाच सेटची मॅच काढली आणि पुढच्याच राउंडला बेंजामिन बेकरनं हरवलं, तेव्हा त्याला नीट चालता येत नव्हतं. स्टेडियम उभं राहून रडलं. सँप्रसचं शहाणपण आणि अगासीचा हट्ट असं म्हणायची पद्धत आहे, मला मात्र दोघांनाही तेवढाच वेळ लागला असं दिसतं, एकानं तो घरी घालवला आणि एकानं कोर्टवर.

अँडी मरेची गोष्ट तर मी मैत्रिणींना इतक्या वेळा सांगितलीय की आता त्या हात जोडतात. जानेवारी 2019, मेलबर्न, पत्रकार परिषदेत त्याला बोलताच येईना, उठून बाहेर गेला, परत आला, खुबा इतका दुखतो की मोजे घालताना त्रास होतो म्हणाला, विम्बल्डनपर्यंत खेळायचंय पण जमेल असं वाटत नाही. मग बाउटिस्टा अगुटकडून पाच सेटमध्ये हरला आणि मॅच संपल्यावर मोठ्या स्क्रीनवर फेडरर, नदाल, जोकोविच सगळ्यांचे निरोपाचे व्हिडिओ लावले. झालं, गेला. आणि त्याच महिन्याच्या शेवटी त्यानं ऑपरेशन केलं, पूर्ण सांधा बदलायचा नाही, मांडीच्या हाडाचा गोळा तसाच ठेवून तासायचा आणि त्यावर धातूची टोपी बसवायची, खुब्याच्या उखळीत धातूची वाटी. डबल्सवाला बॉब ब्रायन हे आधी करून परत खेळायला लागला होता, त्याच्याकडून मरेनं माहिती घेतली. ऑक्टोबरमध्ये अँटवर्पला वॉवरिंकाला हरवून मरेनं सिंगल्सची टुर्नामेंट जिंकली! निरोपाचे व्हिडिओ लागून गेलेल्या माणसानं. मग 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकपर्यंत खेळला, शेवटही डबल्समध्येच, डॅन एव्हन्सबरोबर मॅच पॉइंट वाचवत वाचवत.

हे सगळं वाचून माझ्यासारख्या बाईनं काय शिकायचं हा प्रश्न आहेच. यांच्याकडे सर्जन, फिजिओ, मालिशवाला सगळे पगारी, आणि यांचं थांबणं म्हणजे पोटापाण्याचंच थांबणं. माझं काय, मी शनिवारी-रविवारी खेळणारी, बँकेत आठ तास खुर्चीत बसणारी. पण थांबायचं की नाही हा प्रश्न मनात ज्या तऱ्हेनं फिरतो ना, तो अगदी तसाच फिरतो, त्याला तुमचं रँकिंग माहीत नसतं. एक चांगली मॅच झाली की वाटतं अजून दोन वर्षं आरामात, दुसऱ्या दिवशी जिन्यात वाटतं आजच रॅकेट विकून टाकावी.

आणि मग रोहन बोपण्णा, आपला भारताचा डबल्सवाला. त्याच्याबद्दल जरा सविस्तर, कारण बाकीचे टीव्हीवरचे, हा बालेवाडीच्या स्टेडियममध्ये बघितलेला. पुण्यात 2018 पासून 2023 पर्यंत एटीपीची, म्हणजे पुरुषांच्या जागतिक टूरची, टुर्नामेंट व्हायची, आम्ही क्लबवाले बायका-पुरुष मिळून जायचो. म्हातारे बघायचे असतील तर त्या टुर्नामेंटसारखी जागा नव्हती. 2019 ला इव्हो कार्लोविच एकोणचाळीस वर्षांचा, फायनलला आला, अँडरसनविरुद्ध तिन्ही सेट टायब्रेक, तिसरा टायब्रेक हरला. 2020 ला लिअँडर पेस आला होता, हे माझं शेवटचं वर्ष असं जाहीर करून. पब्लिकनं डोक्यावर घेतलं, आणि महिन्याभरात कोविडनं ते शेवटचं वर्षच गिळलं. त्याची शेवटची मॅच ठरली ती मार्चमधली क्रोएशियाविरुद्धची डेव्हिस कपची, म्हणजे देशादेशांतल्या स्पर्धेतली, डबल्स, पार्टनर बोपण्णा, आणि ती ते जिंकले होते. तेव्हा कुणाला माहीत होतं ही शेवटची.

बोपण्णानं बालेवाडीत 2019 ला दिविज शरणबरोबर डबल्स जिंकलं आणि 2022 ला रामकुमारबरोबर, ती फायनल पहिला सेट गमावून दहा पॉइंटच्या सुपर टायब्रेकमध्ये काढली. या दोन्हींच्या मध्ये काय झालं ते मला नंतर कळलं. 2021 मध्ये पाच महिने त्यानं एकही मॅच जिंकली नव्हती. गुडघ्यातली कूर्चा संपलेली, रोज वेदनाशामक गोळ्या. पोर्तुगालमध्ये एस्टोरिलला समुद्राकडे बघत बसला होता की घरी बायको आणि लहान मुलगी आणि मी इथं हरत काय बसलोय, आणि बायकोला व्हिडिओ मेसेज पाठवला की मी थांबतोय. हे त्यानं स्वतःच सांगितलंय, 2024 च्या जानेवारीत मेलबर्नला, एबडेनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकल्यावर. त्रेचाळीस वय, डबल्समध्ये जगात पहिला नंबर, पहिल्यांदा नंबर वन होणाऱ्यांत सगळ्यात वयस्क. आणि गुडघ्यांसाठी काय केलं तर अय्यंगार योग. पुणेकरांनो, ऐकताय ना. गुरुजींची इन्स्टिट्यूट मॉडेल कॉलनीत, माझ्या सासूबाई तिथं जायच्या, आणि मी आयुष्यभर म्हणत आले की ते म्हाताऱ्यांचं काम आहे, मला घाम आलाच पाहिजे.

तर गेले. इन्स्टिट्यूटमध्ये नाही, तिथं शिकलेल्या एक बाई घराजवळ क्लास घेतात त्यांच्याकडे. त्यांनी मला आधी फक्त उभं केलं. ताडासन. मी म्हटलं हे तर मला येतं. त्यांनी माझ्या उजव्या पायाकडे बोट केलं, मी उभी राहतानाच गुडघा मागं ढकलून लॉक करत होते आणि सगळं वजन आतल्या कडेवर, बुटाचा सोल बघा म्हणाल्या, आणि खरंच आतल्या बाजूनं घासलेला. नंतर वीरासनाचं बघू म्हणाल्या. गुडघे टेकवून दोन पायांच्या मध्ये बसायचं ते, मी विटेवर ब्लँकेट, त्यावर अजून एक ब्लँकेट ठेवून तरी बसू शकत नव्हते. मग त्यांनी सुती कापडाची घट्ट गुंडाळी केली, बोटाएवढी जाड, आणि गुडघा दुमडतो तिथं मागं, अगदी खोल आत खोचली आणि म्हणाल्या आता बस. बसले. दुखलं नाही. कापडानं आत जागा तयार होते, हाडावर हाड दाबलं जात नाही असं त्यांचं म्हणणं, त्याचं शास्त्र मला विचारू नका, पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो गुडघा पूर्ण दुमडला होता आणि मी मोठ्यानं हसले तर अख्खा वर्ग बघायला लागला. मग दोरीवरचं अधोमुख श्वानासन, पाय भिंतीला लावून त्रिकोणासन, पाठीवर झोपून पट्ट्यानं पाय वर. शिवाय फिजिओनं दिलेलं वेगळं, खुर्चीवरून एका पायावर उठायचं आणि सावकाश बसायचं, सावकाश म्हणजे फार सावकाश, धपकन बसलं की मोजायचं नाही. डावा पाय पटापट, उजवा थरथर कापायचा. मांडीचा स्नायूच गेला होता, आणि तो गेला म्हणून सगळा भार सांध्यावर.

सहा-आठ महिन्यांत फरक पडला हे मान्य करते. जिना सरळ उतरायला लागले. पण डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की दुखणं कमी होईल, वेग येणार नाही, आणि तेच झालं. सिंगल्स मी तेव्हाच सोडलं, त्याचं फार वाटलं नाही. सानिया मिर्झानं मनगटाच्या ऑपरेशननंतर काही वर्षांनी सिंगल्स सोडलं आणि 2015 मध्ये हिंगिसबरोबर डबल्समध्ये नंबर वन झाली, हे उदाहरण मी स्वतःला इतक्या वेळा दिलं की शेवटी मलाच पटलं. पुढं 2022 च्या जानेवारीत हे शेवटचं वर्ष म्हणाली, मग कोपर दुखावलं, यूएस ओपन हुकली, तर तिनं ठरवलं दुखापतीनं मला घालवायचं नाही, मी माझ्या हिशोबानं जाणार, आणि 2023 ला परत मेलबर्नला येऊन मिक्स्ड डबल्सची फायनल खेळली, पार्टनर कोण, तर हाच आपला बोपण्णा.

डबल्स म्हणजे म्हाताऱ्यांची सोय असं लोक म्हणतात. काही अंशी खरं आहे. अर्ध्या कोर्टाचं पळणं, सर्व्ह चांगली असली तर पॉइंट चार शॉटमध्ये संपतो. टूरवर 2006 पासून नो-ॲड, म्हणजे ड्यूस झाला की पुढच्या एकाच पॉइंटवर गेम, आणि तिसऱ्या सेटऐवजी दहाचा टायब्रेक, त्यामुळे मॅच साधारण दीड तासात आटपते. विम्बल्डनला पुरुषांचं डबल्स पाच सेटचं असायचं तेपण 2023 पासून तीनचं झालं आणि त्याच वर्षी बोपण्णा-एबडेन सेमीला गेले. पण डबल्समध्ये एक गोष्ट आहे जी सिंगल्सवाल्याला कधी भोगावी लागत नाही. तुमचा वेग गेला की तो दुसऱ्या कुणाच्या तरी पायातून वसूल होतो.

ते मला एका बाहेरगावच्या टुर्नामेंटहून परत येताना कळलं. सेमीफायनलला हरलो होतो, ज्यांना आधी आरामात हरवायचो त्यांच्याकडून. पार्टनर गाडी चालवत होती. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "अगं, एक विचारू? चिडणार नसशील तर."

मी म्हटलं विचार की.

"तू सर्व्ह करून मागंच थांबतेस हल्ली. माहितेय ना तुला?"

मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. मला वाटत होतं मी नेटवर येतेय. ती म्हणाली सेकंड सर्व्हवर तर येतच नाहीस, मग मी मध्ये सरकते, मग ते माझ्या लाइनमध्ये मारतात, आणि तुझ्या डोक्यावरून गेलेले सगळे मीच काढतेय गं, आज मोजले मी. किती ते मी विचारलं नाही. तिचं वय बावन्न, तिला दम लागतो म्हणून ती ब्लड प्रेशरची गोळी बदलून आली होती हेपण मला त्याच दिवशी कळलं. वर्षभर ती हे करत होती आणि मी घरी मोबाईलवर मरेचा खुबा बघत बसले होते, माझं ठरतंय, माझं ठरतंय असं म्हणत.

पुढचं तिला बोलणं अवघड जात होतं, मीच तिला बोलायला लावलं. पन्नास-प्लसमध्ये नुकतीच आलेली एक बाई होती, जबरदस्त रिटर्न, तिनं विचारलं होतं खेळतेस का माझ्याबरोबर. हिनं तिला उत्तर दिलं नव्हतं, ताटकळत ठेवलं होतं, माझं काय ठरतंय ते बघून सांगते म्हणून. मी खिडकीबाहेर बघत बसले, राग आला होता, लपवणार कसा, आणि तो नेमका कुणाचा तेपण धड कळत नव्हतं. टोलनाका आला, सुट्टे पैसे शोधण्यात दोन मिनिटं गेली, फास्टॅग असताना, कारण तिचं ते कार्ड वाचतच नव्हतं आणि मागचे हॉर्न मारत होते. नाका ओलांडल्यावर मी म्हटलं, "हो म्हण तिला."

"अगं पण..."

"हो म्हण. नॅशनल्सच्या एंट्रीला उशीर करू नकोस."

त्यावर ती रडायला लागली, हायवेवर, मग मी म्हटलं आधी गाडी बाजूला घे बाई.

टूरवर हेच असतं, फक्त कुणी रडत नाही, किंवा रडत असतील तर आपल्याला दिसत नाही. डबल्सची एंट्री दोघांचं रँकिंग एकत्र धरून मिळते, एकाचं घसरलं की दुसऱ्याच्या ड्रॉमध्ये शिरायचे वांधे. बोपण्णा आणि एबडेन 2024 नंतर वेगळे झाले. 2025 ला आदल्या वर्षी मेलबर्न आणि मायामी जिंकून मिळवलेले पॉइंट वर्ष झाल्यामुळे गेले, बोपण्णाचं रँकिंग खाली आलं, पार्टनर बदलत राहिले. तरी सप्टेंबरमध्ये टोकियोला जपानच्या युझुकीबरोबर फायनल खेळला, पंचेचाळीसाव्या वर्षी, माझा जीव वर-खाली. मग पॅरिसला बुब्लिकबरोबर पहिल्याच राउंडला हरला आणि 1 नोव्हेंबरला जाहीर केलं की संपलं. पण बघायला गेलं तर तो एकदम गेलाच नाही. डेव्हिस कप त्यानं 2023 ला लखनौला मोरोक्कोविरुद्ध खेळून सोडला. 2024 च्या ऑलिम्पिकमध्ये बालाजीबरोबर हरल्यावर भारताकडून खेळणं थांबवलं. मग टूर. एकेक खोली रिकामी करत गेला, आणि शेवटी दाराला कुलूप. मला ही पद्धत आवडली, एकदम जायला जे काळीज लागतं ते माझ्याकडे नाही.

नदालचं बघताना मला त्रास झाला होता, ते का ते आता कळतं. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये मालागाला डेव्हिस कप, घरचं पब्लिक, व्हान दे झांडशुल्पकडून 6-4, 6-4 हरला, स्पेनपण बाहेर. हरल्यावर म्हणाला की डेव्हिस कपमधली पहिली मॅचपण मी हरलो होतो आणि शेवटचीपण. लोकांनी कॅप्टनला शिव्या घातल्या की त्याला सिंगल्सला उतरवलंच का. पण न उतरवणार तर सांगणार कोण, नदालला?

पार्टनर आता त्या नवीन बाईबरोबर खेळते. पहिल्याच टुर्नामेंटला फायनलला गेल्या, मी बघायला गेले नाही, स्कोअर मात्र दर पंधरा मिनिटांनी मागवला. त्यानंतरच्या वेळी गेले. नवीन बाई पुढं फार घाई करते, पार्टनरकडे चाललेला बॉल मध्येच घुसून मारायला जाते आणि मधली जागा मोकळी सोडते, हे मी पार्टनरला ब्रेकमध्ये सांगितलं तर म्हणाली तूच सांग तिला, मग तिला सांगितलं, तिनं ऐकून घेतलं. आता प्रॅक्टिसला तिघी असतो, चौथी कुणीतरी मिळते.

मी क्लबात डबल्स खेळते, फक्त क्लेवर, लागोपाठ दोन दिवस नाही. हार्ड कोर्टला पाय लावत नाही. वॉर्मअपला आधी घरी दोरीवरचं करून जाते, नाहीतर पहिले तीन गेम फुकट जातात. सर्व्ह करून नेटवर जाणं मी परत सुरू केलंय, फक्त फर्स्ट सर्व्हवर, आणि ती फर्स्ट सर्व्ह आता मारून न टाकता बॉडीवर टाकते म्हणजे मला दोन पावलं जास्त मिळतात. डॉक्टरांना मागच्या वेळी विचारलं की पुढं कधी गुडघा बदलायची वेळ आली तर टेनिस संपलं ना, ते म्हणाले बदललेल्या गुडघ्यावर डबल्स खेळणारे पेशंट आहेत माझे, सिंगल्सचं मात्र नाव काढू नका. ते ऐकून मी बाहेर आले तर नवरा वेटिंगमध्ये माझा चेहरा बघूनच म्हणाला, काय, अजून काहीतरी शोधून काढलंस वाटतं.

पंचावन्न-प्लसला दोन वर्षं आहेत. त्या गटात जोड्या कमी असतात, आणि पार्टनरला पंचावन्न व्हायला माझ्यापेक्षा एक वर्ष जास्त लागणार. लेक म्हणते तू हे सगळं मोजून ठेवलंयस ना आई. नवऱ्यानं सरळच विचारलं की तेव्हा काय करणार, एंट्री भरणार का. मी म्हटलं आधी चोपन्न तर होऊ दे.